१८७३ साल, कोलफॅक्स आणि आजीच्या कपाटातलं पुस्तक

मंगळवार रात्र, न्यू जर्सी

आज यूएस हिस्टरीच्या पिरियडला टीचरनी स्क्रीनवर एका पाटीचा फोटो लावला, म्हणाल्या काही बोलू नका, फक्त वाचा. लुइझियानातल्या कोलफॅक्स गावातली जुनी सरकारी पाटी. इथे 'कोलफॅक्स दंगल' झाली, तीन गोरे आणि दीडशे निग्रो मारले गेले, असं लिहिलेलं. तीन आणि दीडशे, आणि तरी शब्द काय तर दंगल! ही पाटी काढायला २०२१ उजाडलं.

मग काय झालं होतं ते त्यांनी सांगितलं. १३ एप्रिल १८७३, ईस्टरचा रविवार. आदल्या वर्षीच्या इलेक्शनच्या निकालावरून वाद पेटलेला, ब्लॅक लोक कोर्टहाऊस राखत बसलेले, गोऱ्यांची टोळी तोफ घेऊन आली, इमारत पेटवली आणि जे शरण आले त्यातल्या कितीतरी जणांना नंतर गोळ्या घातल्या. शेवटी फक्त तिघं दोषी ठरले आणि १८७६ ला सुप्रीम कोर्टाने त्यांनाही सोडलं, का तर सगळ्यांना कायद्याचं समान संरक्षण देणारी चौदावी घटनादुरुस्ती राज्यांना बांधते, एकेकट्या माणसाला नाही. मला हे ऐकून इतका राग आला की पुढच्या नोट्सच घेतल्या नाहीत.

आणि ते साल... १८७३ मला पाठ आहे! पुण्याच्या शाळेत असताना दोन मार्कांसाठी घोकलेलं. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' काढलं ते १८७३ ला, आणि अर्पण कुणाला केलं तर अमेरिकेतल्या लोकांना, गुलामांना मुक्त केलं म्हणून, आपल्या देशबांधवांनीही शूद्र भावंडांसाठी तोच कित्ता गिरवावा म्हणून. तेव्हा अमेरिका म्हणजे माझ्यासाठी नकाशातला एक रंग होता, त्यामुळे ते वाक्य मनाला लागलंच नव्हतं. आज लागलं. पुण्यात एक माणूस एवढ्या विश्वासाने लिहितोय आणि त्याच वर्षी इथे मुक्त झालेल्यांनाच मारतायत.

मी हात वर केला आणि वर्गात हे सगळं सांगितलं, आवाज थरथरत होता. मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, ते इथे आले होते का कधी? मी म्हटलं, नाही, कधीच नाही. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.

घरी आल्यावर आजीला फोन केला, तिकडे पहाट होती पण ती उठलेलीच असते. म्हटलं आजी, कपाटातल्या 'गुलामगिरी'च्या अर्पणपत्रिकेचा फोटो पाठव ना. "अगं, चष्मा कुठे ठेवला ते बघू दे आधी," म्हणाली, आणि दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवर फोटो आला, कोपऱ्यात तिचा अंगठा. अमेरिकेतल्या त्या लोकांसाठी 'सदाचारी लोक' असा शब्द आहे त्यात. कोर्टहाऊस राखत बसलेले तेही त्यातलेच की, असं मला वाटतं, टीचरना उद्या विचारणार आहे. वहीत डाव्या पानावर पाटीतला मजकूर उतरवलाय, उजव्या पानावर जोतीरावांचा.