आमची वाटचाल: गोणीवरच्या आकड्यांपासून गोणीच्या पोटापर्यंत

रत्नागिरीतल्या आमच्या दुकानात सुरुवातीला श्वानखाद्याची पारख प्रथिनांच्या टक्क्यावर व्हायची. २४ टक्के म्हणजे चांगलं, १८ टक्के म्हणजे हलकं. आज आमच्या खरेदीच्या वहीत पहिला रकाना ओलाव्याचा आहे, दुसरा बॅच क्रमांकाचा.

प्रथिनांचा आकडा दोन प्रकारे फसवतो. कोरड्या दाण्यांत ओलावा १० टक्के, डब्यातल्या ओल्या खाद्यात ७८. त्यामुळे डब्यावरची ९ टक्के प्रथिनं कमी वाटतात. पण पाणी वगळून ९ भागिले २२ केलं की ती ४१ टक्के भरतात. २४ टक्क्यांचे दाणे याच हिशेबाने २७ च्या आसपास येतात. दुसरी फसगत घातक आहे. प्रथिनं तपासायची प्रयोगशाळेतली रूढ केल्डाल पद्धत थेट प्रथिनं मोजत नाही, नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणते. २००७ मध्ये अमेरिका-कॅनडात परत मागवलेल्या खाद्यात, चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमधून (गव्हातल्या प्रथिनातून) मेलामाइन हे प्लास्टिक उद्योगातलं रसायन गेलं होतं. त्याच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग नायट्रोजनच. चाचणीत आकडा भरला आणि सायन्युरिक आम्ल या दुसऱ्या रसायनाबरोबर त्याचे स्फटिक कुत्र्या-मांजरांच्या मूत्रपिंडांत अडकले. म्हणून प्रथिनं नेमकी कशातून आली आहेत, हे आम्ही पुरवठादाराकडून लेखी घेतो. जो देत नाही, त्याचा माल घेत नाही.

आपल्याकडे दुकानदाराची जबाबदारी आणखी मोठी आहे, कारण अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मध्ये ‘अन्न’ या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेलं आहे.

कोकणात खरा शत्रू बुरशी. मक्यावर अस्परजिलस बुरशी वाढली की अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. बुरशी शिजवताना मरते. विष मात्र बरंचसं टिकून राहतं, आणि कुत्रा तेच खाद्य रोज खातो. अमेरिकेत याची मर्यादा २० पीपीबी, म्हणजे किलोला २० मायक्रोग्रॅम. हे विष मालात सारखं पसरलेलं नसतं, त्यामुळे एका मुठीचा नमुना निरुपयोगी. एकाच बॅचच्या अनेक गोण्यांतून वरचे, मधले, तळातले दाणे काढायचे, एकत्र दळायचे, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे. हे पुन्हा पुन्हा करून उरेल तो नमुना प्रयोगशाळेत द्यायचा.

ओलावा १० टक्क्यांच्या वर गेला की आम्ही माल परत करतो. दाणे नीट थंड न होता गोणीत भरले तर आतली वाफ प्लास्टिकला धरते, आणि बुरशीची सुरुवात तिथूनच होते. गोणी उघडल्यावर आतला पृष्ठभाग बोटाने पुसून बघा: चिकट तेल चालेल, दव चालणार नाही. वास खवट आला तर वरून फवारलेली चरबी बिघडली आहे. कुबट आला तर बुरशी. वास न येणारं खाद्य मात्र सुरक्षित असेलच असं नाही.

सुटं खाद्य विकणं आम्ही बंद केलं. गिऱ्हाईक रागावलं तरी आमचा निर्णय बरोबरच होता. सुट्या मालाबरोबर बॅच क्रमांक जात नाही, आणि कंपनीने बॅच परत मागवली तर कुणाला कळवायचं? आता प्रत्येक बिलावर क्रमांक लिहितो. कुत्र्याने अचानक खाणं सोडलं, उलट्या झाल्या, हिरड्या किंवा डोळे पिवळे दिसले, तर खाद्य थांबवून लगेच पशुवैद्याकडे न्या आणि पिशवी फेकू नका.

मापाबद्दलही आम्ही आग्रही आहोत. दहा किलोच्या, वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याला दिवसाला सुमारे ६३० किलोकॅलरी लागतात. १०० ग्रॅमला ३५० देणारे दाणे असतील तर १८० ग्रॅम. स्वस्त पडते म्हणून घेतलेली २० किलोची गोणी त्याला १११ दिवस पुरते. म्हणजे मिरगात फोडलेली गोणी सप्टेंबर सरेपर्यंत. पाच किलोची पिशवी महिन्याच्या आत संपते. ती मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. डब्यात दाणे नुसते ओतले तर जुन्या तेलाचा थर नव्या मालाला खवट करतो.