घुसखोरीची केस कोर्टात मिटते कशी?

बांधावरून वाद होतो, समोरचा ट्रॅक्टर घालून नांगरट करतो आणि प्रकरण पोलीस ठाण्यात जातं. किंवा भाडेकरू-मालकाच्या भांडणात कुणीतरी कुलूप तोडून आत शिरतं. गुन्हा नोंदला की दोन्ही बाजूंना वाटतं, आता तुरुंग. प्रत्यक्षात तालुक्याच्या कोर्टात अशा केसेसचा शेवट बहुधा तीनपैकी एका वाटेने होतो: तडजोड, निर्दोष सुटका किंवा दंड. फक्त घुसखोरीच्या कलमाखाली कुणी तुरुंगात गेल्याचं उदाहरण विरळाच.

आधी कलमं. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९ लागतं. जमिनीवरच्या फौजदारी अतिक्रमणाला, म्हणजे घुसखोरीला, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. राहत्या घरात शिरलं तर कैद एक वर्षापर्यंत, दंडाची मर्यादा तीच. त्याआधीच्या घटनांना जुन्या भारतीय दंड संहितेची ४४७ आणि ४४८ ही कलमंच लागतात, तिथे दंड अनुक्रमे ५०० आणि १,००० रुपयांपर्यंत होता. दोन्ही गुन्हे दखलपात्र आहेत, म्हणजे पोलीस थेट तपास करू शकतात, पण जामीनपात्रही आहेत, म्हणजे जामीन हक्काने मिळतो. त्यामुळे एवढंच कलम असेल तर पोलीस सहसा अटक न करता नोटीस देऊन बोलावतात आणि मग चार्जशीट दाखल करतात. घरात शिरताना मारहाणीची तयारी करून, काठ्या-हत्यारं घेऊन शिरलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. ते जुनं ४५२, आताचं ३३३. सात वर्षांपर्यंत शिक्षा, अजामीनपात्र, आणि कोर्टात आपसात मिटवता न येणारं.

म्हणून एफआयआरची प्रत हातात आली की पहिलं काम म्हणजे कलमांची ओळ नीट वाचणं. अतिक्रमणाबरोबर शिवीगाळ, धमकी, साधी दुखापत, नुकसान ही कलमं जोडलेली असतात. ती मिटवता येतात. पण आरोपी पाच किंवा जास्त असले की बेकायदेशीर जमावाचं कलम, म्हणजे जुनं १४३ किंवा आताचं १८९, हमखास पडतं, आणि ते तडजोडीच्या यादीत नाही. भाऊबंदकीच्या केसेस नेमक्या इथे अडकतात. दोन्ही बाजू हात मिळवून कोर्टात उभ्या राहतात आणि कोर्ट सांगतं, हे कलम मी मिटवू शकत नाही. मग उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करण्याचा संमतीचा अर्ज करावा लागतो. खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात. ही अडचण तडजोडीच्या बोलणीआधीच कळलेली बरी.

तडजोडीचा अर्ज कोणी करायचा, यावर लोक सर्रास चुकतात. अतिक्रमण मिटवण्याचा अधिकार त्या वेळी जागेचा कब्जा ज्याच्याकडे होता त्याला आहे, सातबाऱ्यावर नाव असलेल्याला आपोआप नाही. मालक पुण्यात, शेत कसतो वाटेकरी, आणि कब्जा वाटेकऱ्याचा असेल तर सही त्याची हवी. दुखापतीचं कलम जखमी माणसाने मिटवायचं, शिवीगाळीचं ज्याला शिवी दिली त्याने. फिर्यादीच्या आईलाही मार लागला असेल तर आईही कोर्टात हवी. एक जण गैरहजर राहिला तर त्याच्यापुरतं कलम चालूच राहतं.

साध्या अतिक्रमणाच्या तडजोडीला कोर्टाची परवानगी लागत नाही. दोन्ही बाजूंच्या सह्यांचा अर्ज द्यायचा. न्यायाधीश फिर्यादीला समोर उभं करून विचारतात, राजीखुशीने करताय का, कुणाचा दबाव आहे का? उत्तर रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, जातं आणि आरोपी निर्दोष सुटतो. कायद्याने या तडजोडीचा परिणाम निर्दोष मुक्तताच आहे. लोकअदालतीच्या दिवशी हे काम झटपट होतं, पण त्याची वाट बघायलाच हवी असं नाही, कुठल्याही तारखेला अर्ज देता येतो. निकालानंतर अपील चालू असताना मिटवायचं ठरलं तर मात्र त्या कोर्टाची परवानगी लागते.

आता दंडाची वाट. आरोप वाचून दाखवल्यावर कोर्ट विचारतं, गुन्हा कबूल आहे का? तारखांना कंटाळलेला माणूस म्हणतो, हो साहेब, दंड भरतो आणि सुटतो. हा सल्ला कोर्टाच्या आवारात फार स्वस्तात मिळतो. पण कबुली म्हणजे दोषसिद्धी. पुढे सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत ती लपवता येत नाही. कबूलच करायचं असेल तर वकिलामार्फत १९५८ च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याचा लाभ मागावा. पहिला गुन्हा असेल तर ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येतं, आणि त्या दोषसिद्धीमुळे एरवी लागणारी अपात्रता लागत नाही. न मागता हा लाभ मिळेल, असं धरून चालू नका.

केस चालवायची ठरली तर सरकार पक्षाला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: जागा फिर्यादीच्या कब्जात होती, आणि आरोपी गुन्हा करायच्या, धमकवायच्या, अपमान करायच्या किंवा त्रास द्यायच्या हेतूने शिरला. समोरच्याला त्रास होईल हे माहीत असणं पुरेसं नाही, तोच उद्देश असायला हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातच सांगितलं आहे. केस बहुतेक इथेच घसरते. पंचनाम्यात गट नंबर असतो, पण चतुःसीमा नसते. मोजणीचा नकाशा जोडलेला नसतो, मग ट्रॅक्टर बांधाच्या अलीकडे होता की पलीकडे हे कुणालाच सांगता येत नाही. पंच उलटतपासणीत म्हणतो, मी सही ठाण्यातच केली. आणि वाटप न झालेली वडिलोपार्जित जमीन असेल तर सहहिस्सेदार आपल्याच जमिनीत शिरला, हा बचाव मजबूत असतो. संशयाचा फायदा आरोपीला मिळतो.

मुदतही बघा. जमिनीवरचं अतिक्रमण आणि घरात शिरणं या दोन्ही गुन्ह्यांची दखल घ्यायला कोर्टाला एक वर्षाची मुदत आहे. सोबत जास्त शिक्षेचं कलम असेल तर मुदत त्यावरून ठरते.

फिर्यादीची मोठी निराशा वेगळीच असते: आरोपीला शिक्षा झाली, तरी जमीन आपोआप परत मिळत नाही. धाक किंवा बळ वापरून कब्जा घेतला असेल तर शिक्षा देणारं कोर्ट कब्जा परत देऊ शकतं, पण शिक्षेपासून एका महिन्याच्या आत. एरवी कब्जा गेल्यापासून सहा महिन्यांत मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे किंवा विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली दिवाणी कोर्टात जावं लागतं. फौजदारी केसच्या भरवशावर बसलेल्यांचे हे सहा महिने हातातून जातात.

केस मिटली की निकालाची प्रमाणित नक्कल त्याच आठवड्यात मागून ठेवा. पोलिसांच्या नोंदीत गुन्हा क्रमांक राहतो, आणि पडताळणीच्या वेळी ठाण्यात ती नक्कलच दाखवावी लागते.