झिरो बघा, काका

'झिरो बघा,' ही पेट्रोल पंपावरच्या पोरांची ठरलेली हाळी. पोलराइज्ड गॉगल घातलेल्या माणसाला मात्र झिरोच काय, काहीच दिसत नाही. मान खांद्याकडे कलती केली की आकडे हळूहळू उगवतात, सरळ केली की पुन्हा बुडतात. मिरज रोडच्या पंपावर माझा हा व्यायाम बघून पोरगा म्हणाला, "गॉगल काढून बघा की काका."

काढवत नाही, हीच तर अडचण आहे. दुपारी चारच्या सुमाराला आयर्विन पुलावरून सांगलीवाडीकडे निघा, म्हणजे कळेल. समोर ऊन आणि खाली कृष्णेच्या पाण्याची चकाकी, डोळे किलकिले करूनच पूल पार करायचा. गॉगल लावला की ती चकाकी पुसल्यासारखी जाते आणि पाण्याचा खरा मातकट रंग दिसतो. प्रकाश ही लाट, आणि पाण्यावरून तिरकं परावर्तित होणारं ऊन मुख्यतः आडवं कंपतं. सूर्य क्षितिजापासून ३७ अंशांच्या आसपास असला की जवळजवळ पूर्णच. गॉगल फक्त उभं कंपन आत सोडतो.

आमचा पूल १९२९ चा. त्याच वर्षी अमेरिकेत एडविन लँड नावाच्या विशीतल्याही नसलेल्या पोरानं एकाच दिशेचं कंपन सोडून बाकीचा प्रकाश गाळणाऱ्या स्वस्त, पारदर्शक पत्र्याच्या (टिनाच्या नव्हे) पेटंटसाठी अर्ज केला. तो पातळ पत्रा पुढे गॉगलमध्ये आला आणि काही दशकांनी पंपावरच्या आकड्यांसारख्या एलसीडी स्क्रीनमध्येही. स्क्रीनमध्ये तर दोन लागतात, एक मागं, एक पुढं, त्याशिवाय आकडा उमटतच नाही. म्हणजे स्क्रीनमधून बाहेर पडणारा प्रकाश आधीच एका दिशेनं कंपणारा. ती दिशा गॉगलच्या दिशेला काटकोनात आली की संपलं. एकाच घरातले दोघे, म्हणून भाऊबंदकी.

दुचाकीच्या हँडलला मोबाइल आडवा लावून मॅप बघणाऱ्यांना हे ठाऊक असेल. ऐन वळणावर रस्ता गायब, आवाज तेवढा चालू. मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांमागं ठेवलेल्या काट्याचे लाल आकडे मात्र गॉगलमधूनही ठणठणीत दिसतात. ते एलईडीचे. स्वतःच उजळणारे, पत्र्याची भानगडच नाही.

यावर इलाज आहे, आणि तो अवघड नाही. स्क्रीनवर क्वार्टर वेव्ह नावाची पारदर्शक फिल्म पत्र्याच्या दिशेशी ४५ अंशांत बसवायची. तिच्यातून जाताना प्रकाशाचं कंपन एका रेषेत न राहता गोल फिरायला लागतं. मग मान सरळ ठेवा नाहीतर वाकडी, गॉगल त्यातला निम्मा प्रकाश सोडतोच. स्क्रीन थोडी मंद, पण कायम हजर. गंमत म्हणजे ओएलईडी मोबाइलमध्ये, म्हणजे पडद्याचा ठिपका न् ठिपका स्वतःच उजळणाऱ्यांत, पत्रा आणि अशी फिल्म बहुधा असतेच, पण पत्र्याच्या आतल्या बाजूला, बाहेरच्या उजेडाचं प्रतिबिंब मारण्यासाठी. आपल्यासाठी आणखी एक बाहेरून लावावी लागते. कुणी लावतं, कुणी नाही. साध्या प्लॅस्टिकच्या स्क्रीन गार्डनंही कधी कधी अंधार हटतो, पण बदल्यात इंद्रधनुष्याचे पट्टे मिळतात. मेव्हण्याचा मेसेज जांभळ्या-हिरव्या रंगात वाचायला माझी हरकत नाही, बँकेचा वाचताना जरा धडधडतं.

मोबाइलच्या खोक्यावर कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल ठळक छापतात, गॉगलमधून स्क्रीन दिसेल का, ही गोष्ट मात्र कुठंच लिहिलेली नसते. उन्हात राबणाऱ्या माणसाला खरं तर तीच आधी कळायला हवी. म्हणून हल्ली मी विश्रामबागेतल्या दुकानात गॉगल लावूनच शिरतो आणि शोकेसमधला एकेक फोन उभा-आडवा फिरवून बघतो. काउंटरवरच्या मुलानं परवा थोडा वेळ सोसलं आणि मग अदबीनं विचारलं, "काका, सेल्फी काढून देऊ का?"