लिव्हर ओढू नका, आधी दांडी सोडवा

इथे अमेरिकेत, मिशिगनच्या हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला जो पांढरा थर साचतो तो नुसता बर्फ नसतो, त्यात मीठही असतं. डेट्रॉइट शहराच्या पोटात साधारण 350 मीटर खोलीवर मिठाची खाणच आहे, त्यामुळे तोटा नाही. उणे 9 अंशांच्या खाली साधं मीठ बर्फ वितळवायला कमी पडतं, म्हणून जोडीला कॅल्शियम क्लोराइड वापरतात. गाडीचा खरा वैरी तोच. तो हवेतली ओल ओढून घेतो, म्हणून रस्ता वाळला तरी गाडीचं पोट ओलंच राहतं. चार-पाच हिवाळ्यांत बोल्टच्या डोक्याचे कोन झडतात आणि 13 नंबरचा पाना त्यावर नुसता फिरतो. पिकअपमध्ये या गंजाचा त्रास लवकर कळतो तो फोर-बाय-फोरच्या, म्हणजे चारही चाकांना ताकद जोडणाऱ्या लिव्हरला, कारण तो वर्षातून मोजक्या वेळा हलतो.

मुंबईच्या लोकांना हे सांगायचं कारण असं, की थार, जिम्नी, जुनी जीप यांचीही हीच तक्रार असते. इथलं मीठ डंपरमधून येतं, आपलं वरळी-वर्सोव्याच्या वाऱ्यातून. शिवाय आपल्याकडे पावसाळा येईपर्यंत त्या लिव्हरला कुणी हात लावत नाही.

लिव्हर 4H (चारही चाकांना ताकद) मधून 2H (दोनच चाकांना ताकद) मध्ये येत नसेल तर पहिला संशय गंजावर घेऊ नका. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळात फिरतात. पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरत्या लावायच्या फोर-बाय-फोरमध्ये पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडलेले असतात, मधे फिरण्यातला फरक सांभाळणारं डिफरन्शियल नसतं. चिखलात किंवा वाळूत चाक घसरून हा फरक जिरतो, डांबरावर जिरत नाही. तो पीळ शाफ्टमध्ये साठतो आणि ट्रान्सफर केसमधल्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीतल्या) सरकत्या कॉलरचे दात एकमेकांत आवळून बसतात. अशा वेळी लिव्हरशी कुस्ती केली तर ती कॉलर सरकवणारा आतला फोर्क वाकतो. स्टिअरिंग सरळ ठेवून चार-पाच मीटर रिव्हर्स घ्या, क्लच दाबा आणि गाडी हळू सरकत असतानाच लिव्हर ओढा. बहुतेक वेळा ‘खट्’ आवाज होऊन सुटतो. चारही टायर एका मापाचे आणि सारख्या झिजेचे नसतील तर सरळ रस्त्यावरही पीळ चढतो. पुढे दोन नवे, मागे दोन जुने ही काटकसर इथे महागात पडते.

4L ची, म्हणजे कमी वेग आणि जास्त जोराच्या फोर-बाय-फोरची गोष्ट वेगळी. त्यासाठी गाडी थांबलेली किंवा जेमतेम सरकती हवी आणि मुख्य गिअर न्यूट्रलमध्ये. पळत्या गाडीत तो पडत नाही, पडूही नये.

एवढं करूनही लिव्हर दगडासारखा असेल तर गाडीखाली जा. आधी चाकांना अडसर लावा आणि हँडब्रेक ओढा. हे दोन्ही हवेतच, कारण ट्रान्सफर केस ‘N’ (न्यूट्रल) मध्ये गेली की गाडी गिअरमध्ये किंवा ‘P’ मध्ये असली तरी गडगडते. लिव्हरकडून येणारी दांडी ट्रान्सफर केसच्या बाजूच्या आर्मला जिथे जोडलेली असते तिथली क्लिप काढून दांडी मोकळी करा. आता वरून लिव्हर हलवा. अजूनही अडकत असेल तर दोष पिव्होट (लिव्हर ज्यावर फिरतो तो सांधा), बुश (सांध्यातली बारीक नळी) किंवा दांडीत आहे. लिव्हर मोकळा फिरला तर केसच्या आर्मला पाना लावून हळूच हलवा. त्याचे टप्पे हाताला स्पष्ट लागले तर आतलं सामान ठीक आहे, बुश बदला किंवा दांडीची लांबी जुळवा. आर्म हललाच नाही तरच पेटी उघडायचा विचार.

इथे लोक हे सगळं स्वतःच्या ड्राइव्हवेवर करतात आणि त्याचं मला मनापासून कौतुक आहे. स्पेअरपार्टची दुकानं डिपॉझिट घेऊन अवजारं वापरायला देतात आणि परत केल्यावर पैसे परत मिळतात. पण म्हणून आपल्याकडच्यांना कमी लेखायचं कारण नाही. गाडीखाली झोपायला इथे जागा आहे, आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दार उघडायची मारामार. आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा जुना मेकॅनिक आर्मला नुसता हात लावून सांगतो की दोष आत आहे की बाहेर. मात्र तो थेट हातोडी उचलत असेल तर थांबवा. केस बहुधा ॲल्युमिनियमची असते, तिला तडा जातो.

गंजलेल्या पिव्होटवर पेनिट्रेटिंग ऑइल मारून रात्रभर मुरू द्या, सकाळी पुन्हा मारा आणि लिव्हर थोडा-थोडा पुढे-मागे करा. नायलॉनचं बुश असेल तर सांधा सोडवायला तिथे ज्योतीने गरम करू नका. मोकळा झाला की ग्रीस भराच, कारण ते ऑइल उडून जातं आणि दोन महिन्यांत पुन्हा जॅम होतं.

ट्रान्सफर केसचं ऑइल बघताना भरायचा नट आधी उघडा. तो गंजून बसला असेल आणि तुम्ही खालून ऑइल सोडून दिलं असेल तर गाडी जागची हलणार नाही. कुठे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) लागतं, कुठे 75W-90 गिअर ऑइल, ते मॅन्युअलमध्ये बघा. बऱ्याच केसमध्ये एक ते दोन लिटर बसतं, भोकातून ओघळ सुरू झाला की पुरे. ऑइल दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय. हिंदमाताच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर हे तपासाच, आणि केसमधली हवा बाहेर जायचा वरचा ब्रीदर चिखलाने बुजलाय का तेही.

महिन्यातून एकदा फोर-बाय-फोर टाकून साधारण 15 किलोमीटर गाडी चालवा म्हणजे पुढच्या भागांना ऑइल पोचतं. पण डांबरावर नाही, ओल्या कच्च्या रस्त्यावर. जूनमध्ये ताम्हिणीकडे निघाल तेव्हा घाट सोडून आतल्या मातीच्या वाटेला लागलात की टाका.