गाडी झोपते, मी जागा

आज पिकअपच्या डॅशबोर्डवरचं एक बटण दाबलं आणि डोक्याचा अर्धा ताप गेला.

सकाळी पुण्याच्या मार्केट यार्डातून कांद्याच्या गोण्या भरून निघालो. गंगाधाम चौकात ही गर्दी! गाडीत 'स्टार्ट-स्टॉप' नावाची सोय आहे, थांबलं की इंजिन आपोआप बंद करणारी: गाडी न्यूट्रलला टाकून क्लच सोडला की इंजिन गप्प. पुढचा टेम्पो दोन हात सरकला, क्लच दाबला, धडधडत चालू. परत दोन हात, परत बंद. सिग्नल सुटेपर्यंत सात वेळा मोजलं. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो, त्यामुळे तोही बंद आणि तोंडावर कोमट वारा. मागचा रिक्षावाला ओरडला, "काका, बंद पडली का? धक्का मारू?" आता याला काय सांगणार!

कात्रजला ओळखीच्या मेकॅनिकदादांकडे थांबलो. ते हसले. म्हणाले, "वायर कापायच्या भानगडीत पडू नका, वॉरंटी जाईल." बोट दाखवलं: गोल बाण आणि मधे इंग्रजी ए. आठ महिने रोज समोर बघतोय, कधी दाबलं नाही! दाबलं की पिवळा दिवा लागतो, म्हणजे सोय बंद. पण चावी फिरवून परत गाडी चालू केली की ती आपोआप सुरू होते, म्हणून दर वेळी दाबायचं.

सोय वाईट नाही म्हणा. लांबलचक सिग्नलला डिझेल वाचतं, धूरही कमी. पण मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये काय वाचणार, कप्पाळ? आणि या गाड्यांना बॅटरीही खास लागते, साधीपेक्षा महाग.

परतीला नवले पुलाजवळ पाऊण तास अडकलो. इंजिन एकदाही बंद पडलं नाही. एसी गार होता.