टॉम्बेमधला ओ

तीस वर्षं प्रुफं वाचली. निवृत्त होऊनही किराणावाल्याच्या पाटीवर चूक दिसली की हात पेन शोधायला खिशाकडे जातो. बायको वैतागते. त्याच खोडीमुळे असेल, फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांच्याबद्दल वाचताना मी एका अक्षराशी अडलो.

डिसेंबर १९७१. युद्धाला तोंड फुटलं त्याच दिवसांत तांब्यांचं सुखोई-७ लढाऊ विमान पाकिस्तानात शोरकोटजवळ पडलं. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. पत्नी दमयंती बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. मग ढाक्याच्या 'पाकिस्तान ऑब्झर्व्हर'मध्ये बातमी आली, पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडले. त्यांत एक नाव होतं 'टॉम्बे'. इंग्रजीत 'ए' हवा तिथे 'ओ'.

आमच्या धंद्यात चुका दोन जातींच्या. एक डोळ्याची, 'घ'चा 'ध' होतो ती. दुसरी कानाची. मजकूर सांगणारा एक बोलतो, लिहिणारा ऐकू येईल तसं उतरवतो. 'तांबे' ऐकून इंग्रजीत 'टॉम्बे' लिहिणं ही मला कानाची चूक वाटते. मग नाव सांगितलं कुणी?

इथे मीच स्वतःला चाप लावतो. लहान लिपीत 'ए' आणि 'ओ' दोन्ही गोलच. घाईत छपाईचा खिळा, म्हणजे अक्षराचा ठसा, चुकला असेल. एका श्राद्धाच्या जाहिरातीत मी 'वामन'चा 'रामन' जाऊ दिला होता, तेव्हा कान-बिन काही नव्हतं, निव्वळ झोप होती.

१९७२च्या अखेरीस युद्धकैदी परतले, तांबे आले नाहीत. १९७९ साली लोकसभेत बेपत्ता ४० सैनिकांची नावं सांगितली गेली. आज आकडा ५४ म्हणतात. २००७ मध्ये १४ नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग पाहून आले, दमयंतीबाईही होत्या. कुणी भेटलं नाही. आमच्याकडे कुणी नाही, हे पाकिस्तानचं उत्तर कायम.

प्रुफात शंका आली आणि हस्तलिखित हाताशी नसलं की शब्द दुरुस्त करायचा नाही, असा आमचा दंडक. त्या कात्रणाची झेरॉक्स माझ्या टेबलावर आहे. नावाखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि समासात लिहिलं: मूळ प्रत पाहावी.