पानावरचे सोंग

कुंडीतल्या लिंबाच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडलेली दिसली म्हणून दुपारी मी ती काडीने खरवडायला गेलो, तर ती आक्रसली. काळपट तपकिरी अंग, मधोमध पांढरा डाग आणि वर ओली चकाकी असलेली ती फुलपाखराची अळी होती. काडी पुन्हा टेकवताच डोक्यामागून दोन मऊ नारिंगी शिंगे बाहेर आली आणि उग्र वास सुटला.

ही अळी मोठी झाली की हिरवी होते, ते बरेच आहे. कारण बोटाएवढ्या विष्ठेवर कोणता पक्षी विश्वास ठेवील?

लहानपणी आमच्या थोरल्या भावाने पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, हवेत एका जागी तरंगणारी माशी मुठीत धरून दाखवली होती. गांधीलमाशीला चार पंख असतात, हिला दोनच, आणि नांगी तर नाहीच, हे त्याला ठाऊक होते, मला नव्हते. दोन दिवसांनी मीही ऐटीत मूठ आवळली आणि पंख मोजायचे राहून गेले. बोट सुजून टम्म झाले. तेव्हापासून पिवळे-काळे काहीही घोंगावले की मी आधी मान खाली घालतो, मग विचार करतो.

हेन्री वॉल्टर बेट्स हा इंग्रज निसर्ग-अभ्यासक १८४८ मध्ये अॅमेझॉनच्या खोऱ्यात गेला आणि अकरा वर्षे तिथे फुलपाखरे जमवत राहिला. पक्ष्यांना न रुचणाऱ्या फुलपाखरांच्या थव्यात त्याच रंगांची, पण वेगळ्याच कुळातली काही फुलपाखरे बिनधास्त उडताना त्याला दिसली. ती खाण्याजोगी होती. रंग तेवढे उसने होते. १८६२ मध्ये त्याने याचा उलगडा छापला. हे उसने रंग चालतात ते सोंगे घेणारे थोडे आणि खरे कडवट पुष्कळ असतात तोवरच, कारण पक्ष्याला आधी कोणीतरी खरी अद्दल घडवावी लागते. त्या उलगड्यातला पक्षी मीच आहे, असे मला सुजलेले बोट आठवून नेहमी वाटते. आणि बिननांगीच्या त्या माश्या आजवर माझ्या बोटाच्या जिवावर निर्धास्त हिंडल्या, याचा थोडा रागही येतो.

संध्याकाळी झाडाला पाणी घालताना शेजारच्या पानावर आणखी एक दिसली. या वेळी शहाणपणाने हळूच काडी टेकवली, शिंगांची वाट पाहिली, पुन्हा टेकवली. ती खरोखरच विष्ठा होती.